पुन्हा टाळेबंदीची वेळ आली, तर गावाने लसीकरणाची आणि मदतीची व्यवस्था कशी लावावी?

आपण दोन गोष्टी विचारल्या आहेत: 2021 मध्ये कोविडची टाळेबंदी असताना लहान गावांत लसीकरण प्रत्यक्षात कसे पार पडले, आणि पुन्हा तशी वेळ आल्यास गावातील तरुणांनी मदतीचे काम कोठून सुरू करावे. मी सांगली जिल्ह्यातील पलूस तालुक्यात, कृष्णाकाठच्या एका गावात राहतो. सहकारी दूध संस्थेचा सचिव म्हणून काम करतो आणि त्या वर्षी आमच्या आरोग्य उपकेंद्रातील लसीकरण सत्रांना मदतनीस होतो. नवी समिती नेमण्याआधी आणि नवा व्हॉट्सअ‍ॅप ग्रुप काढण्याआधी गावात आधीपासून चालू असलेली यादी आणि टाळेबंदीतही रोज उघडणारे ठिकाण शोधावे, असे माझे मत आहे. आमच्याकडे ते ठिकाण म्हणजे दूध संकलन केंद्र होते.

14 एप्रिल 2021 च्या रात्री राज्यात ‘ब्रेक द चेन’चे निर्बंध लागू झाले आणि आठवडाभराच्या आत किराणा दुकानांनाही सकाळी 7 ते 11 एवढीच मुभा उरली. आठवडा बाजार बंद, देवळे बंद, पारावर कोणी नाही. दूध मात्र सकाळ-संध्याकाळ घालावेच लागते. प्रत्येक सभासदाला क्रमांक असतो, दर वेळी लिटर आणि फॅटची नोंद होते, त्यामुळे लागोपाठ दोन वेळा एखाद्या क्रमांकासमोर रकाना रिकामा दिसला की आम्ही त्या घरी फोन करत असू. घरात कोणी आजारी असल्याचे त्यामुळे आशाताईंना सर्वेक्षणाची वाट न पाहता त्याच दिवशी कळे, आणि ऑक्सिमीटर त्या घरी वेळेत पोहोचे. कोणाला लस मिळाली आणि कोणाची राहिली, याची यादीही त्याच टेबलावर तयार झाली.

लसीकरणाचे टप्पे आपल्याला ठाऊक असतीलच: 16 जानेवारी 2021 पासून आरोग्य कर्मचारी, 1 मार्चपासून साठीपुढचे आणि व्याधिग्रस्त, 1 एप्रिलपासून 45 वर्षांवरील सर्व. सुरुवातीला आमच्याकडे लोकांना लसीपेक्षा पुढच्या तपासणीची भीती अधिक होती, आणि तिचे मूळ आदल्या वर्षात होते. मार्च 2020 मध्ये शेजारच्या वाळवा तालुक्यात, इस्लामपुरात, एकाच कुटुंबातील चौघांना लागण झाल्याचे निष्पन्न झाले, तेव्हा अख्ख्या जिल्ह्याने रुग्णवाहिका, पत्रे ठोकून बंद केलेल्या गल्ल्या आणि रुग्णांच्या नातेवाइकांकडे वळलेल्या नजरा पाहिल्या होत्या. लसीनंतर ताप येतो हे ऐकल्यावर ‘ताप आला की तपासायला नेतील आणि तिथेच ठेवतील’ असा अर्थ म्हाताऱ्या माणसांनी काढला, तर त्यात नवल नव्हते. डॉक्टरांच्या व्हिडिओंनी ही भीती गेली नाही. लस घेतलेला माणूस तिसऱ्या दिवशी स्वतःची किटली घेऊन केंद्रावर उभा दिसला, तेव्हा ती कमी होऊ लागली.

सत्राच्या व्यवस्थेबद्दल थोडे सविस्तर लिहितो, कारण स्वयंसेवकाचा खरा उपयोग तिथे होतो. उपकेंद्रात लस साठवली जात नाही. ती प्राथमिक आरोग्य केंद्राच्या आयएलआरमध्ये, म्हणजे लसींच्या खास फ्रिजमध्ये, 2 ते 8 अंश सेल्सिअसला राहते आणि सत्राच्या सकाळी आईस पॅक लावलेल्या व्हॅक्सिन कॅरिअरमधून येते. कोव्हिशील्ड या लसीच्या एका कुपीत 10 डोस असत, आणि कुपी उघडल्यानंतर चार तासांत ते संपवावे लागत. आमच्या आरोग्यसेविका कुपी उघडली की लेबलावर पेनाने वेळ लिहीत आणि मग हॉलमधली माणसे मोजत. दुपारनंतर नवी कुपी उघडायची वेळ आली आणि समोर सहाच माणसे असली, तर उरलेल्या चौघांना पंधरा मिनिटांत आणायचे कोठून? यासाठी राखीव यादी हवी, आणि ती उपकेंद्रापासून पायी येऊ शकणाऱ्या पात्र माणसांची हवी. मळ्यातल्या वस्तीवरच्या माणसाला फोन केला तर तो येईपर्यंत वेळ निघून जातो. हे गणित आधी गावाला समजावून सांगितले, तर ‘लस असूनही आम्हाला परत पाठवले’ ही भांडणे निम्म्याने कमी होतात. उरलेली निम्मी वशिल्यावरून होतात. त्यावर आमच्यापुरता एकच उपाय चालला: टोकनची यादी आदल्या संध्याकाळी दूध केंद्राच्या भिंतीवर चिकटवणे, म्हणजे रात्रीतून नाव घुसवणाऱ्याला सगळ्यांसमोर घुसवावे लागते.

दुसऱ्या डोसचा घोळ मात्र गावाच्या हाताबाहेरचा होता. कोव्हिशील्डच्या दोन डोसांमधले अंतर सुरुवातीला 4 ते 6 आठवडे होते, मार्चमध्ये ते 6 ते 8 झाले आणि 13 मे 2021 रोजी 12 ते 16 आठवड्यांवर गेले. ज्यांनी 5 एप्रिलला पहिला डोस घेतला होता, ते मेअखेरीस दारात उभे राहिले, आणि 84 दिवस मोजल्यावर त्यांची तारीख 28 जून निघाली. अशा वेळी माणसाला ‘पोर्टल घेत नाही’ एवढेच सांगून परत पाठवू नये. त्याच्या दूध कार्डावर नवी तारीख लिहून द्यावी. कार्ड रोज हातात असते, मोबाईलवरचा संदेश सापडत नाही.

मदत म्हटले की लोकांच्या डोळ्यांसमोर धान्याची पाकिटे येतात. मे आणि जून महिन्यांत रेशनवर माणशी 5 किलो धान्य मोफत मिळाले, त्यामुळे रेशनकार्ड असलेल्या घरात पोटाची चिंता तुलनेने कमी होती. अडचण मजुरीची होती. एप्रिल म्हणजे द्राक्षबागांच्या खरड छाटणीचे दिवस, आणि त्यानंतर विरळणी व शेंडा मारण्याच्या कामाला बायकांच्या टोळ्या लागतात. एक दिवस लसीचा आणि दुसरा दिवस तापाचा, असे दोन दिवसांचे पैसे बुडवायला या बायका तयार नव्हत्या, आणि त्यांना अडाणी म्हणणाऱ्यांची मजुरी बुडत नव्हती, हेही लिहून ठेवतो. टोळीच्या मुकादमाशी बोलून अर्धी टोळी एका सत्राला आणि अर्धी पुढच्या सत्राला, आणि काही बागायतदारांकडून दुसऱ्या दिवसाची निम्मी मजुरी, एवढे ठरल्यावर त्या आल्या.

ज्याची कोणत्याही शासकीय परिपत्रकात सोय नव्हती असा प्रश्न जनावरांचा. सबंध घर विलगीकरणात गेले, तर गोठ्यातल्या दोन म्हशींची धार कोणी काढायची? वैरण कोणीही टाकू शकतो, पण म्हैस परक्या हाताला पान्हा सोडत नाही, आणि धार तटली तर कास सुजते. गल्लीतली तरुण मुले मास्क, हातमोजे घालून गेली. एका म्हशीने दोन दिवस दाद दिली नाही, तेव्हा मालकिणीने खिडकीतून सांगितल्याप्रमाणे तिचे धुतलेले लुगडे खांद्यावर टाकून एक पैलवान गडी धारेला बसला. गावाला हसायला तेवढे एक कारण मिळाले. त्या घरांचे दूध संकलनात न घेता वासरांना पाजावे असे आम्ही ठरवले होते, आणि बुडालेल्या दुधाच्या बदल्यात संस्थेने पशुखाद्य उधारीवर दिले. घरी डबा पोहोचवण्याइतकेच हे काम महत्त्वाचे आहे, कारण जनावरांच्या काळजीपायी लपूनछपून गोठ्यात जाणारी माणसेच विलगीकरण मोडत होती.

दुधाच्या यादीला मोठी मर्यादा आहे, ती विसरू नये: ज्याच्याकडे जनावर नाही, तो तिच्यात नाही. भूमिहीन मजूर, वीटभट्टीवरची कुटुंबे, पालात राहणारे लोक, एकट्या राहणाऱ्या म्हाताऱ्या बायका यांच्यासाठी रेशन दुकानाची यादी आणि अंगणवाडीताईंची नोंदवही जोडून घ्यावी लागते. ओळखपत्र नसलेल्यांच्या लसीकरणाची कार्यपद्धतीही केंद्र सरकारने ठरवून दिली होती, पण ती गावोगाव कोणी वाचून दाखवली नाही. कोविन या लसनोंदणीच्या पोर्टलवर एका मोबाईल क्रमांकावर चौघांची नोंदणी होत असे. ज्यांच्याकडे फोन नव्हता, त्यांची नावे केंद्रावरच्या क्रमांकावर घालताना कोणाचे नाव कोणत्या क्रमांकावर आहे हे वहीत लिहिणे अत्यावश्यक ठरले, नाहीतर दुसऱ्या डोसच्या वेळी ओटीपी कोणाकडे गेला हे शोधण्यातच सकाळ जाते. मे महिन्यात 18 ते 44 वयोगट खुला झाला, तेव्हा ऑनलाइन स्लॉटमुळे शहरांतील मुले मोटारी घेऊन खेड्यांतल्या केंद्रांवर आली आणि गावची मुले बघत राहिली. 12 मे रोजी राज्याने तो टप्पाच तात्पुरता थांबवला.

आशाताईंबद्दल एक सूचना. मानधनवाढीसाठी राज्यातील आशांनी 15 जून 2021 पासून संप केला, त्या आठवड्यात दारोदारचा निरोप थांबला आणि त्यांच्या कामाचा आवाका सर्वांना कळला. ग्रामपंचायतीने त्यांच्या फोनचा रिचार्ज आणि पेट्रोल एवढी तरी तरतूद पहिल्या दिवसापासून करावी. टाळ्या वाजवण्यापेक्षा ते स्वस्त नाही, पण उपयोगी आहे.

कृष्णाकाठी राहत असाल, तर जुलै धरून नियोजन करा. सांगलीत आयर्विन पुलापाशी 40 फूट ही इशारा पातळी आणि 45 फूट ही धोका पातळी. जुलै 2021 च्या अखेरीस पाण्याने दोन्ही ओलांडल्या आणि माणसे जनावरांसह शाळांमध्ये हलली. यादीची वही प्लॅस्टिकच्या पिशवीत ठेवावी आणि प्रत्येक पानाचा फोटो दोघांच्या फोनमध्ये असावा. वहीत कोणाला मधुमेह आहे, कोणाला क्षय होऊन गेला आहे, हेही लिहिलेले असते, म्हणून ती आरोग्यसेविका आणि आणखी एक जबाबदार माणूस यांच्याखेरीज कोणाच्या हाती पडू देऊ नये, आणि साथ ओसरल्यावर उपकेंद्राच्या ताब्यात देऊन फोनमधले फोटो पुसून टाकावेत.