सॉफ्टनर असूनही पाणी कधी मऊ, कधी जड का येतं?

मीठ भरलेलं आहे, मशीन चालू आहे, तरी चार दिवस पाणी मऊ आणि मध्येच जड, असं तुम्ही लिहिलंय. लगेच रेझिन (पाणी मऊ करणारे मशीनमधले बारीक मणी) बदलायला जाऊ नका. रेझिन खराब झालं तर पाणी सहसा बिघडतच जातं, असं मधूनमधून सुधारत नाही.

आधी व्हॉल्व्हवरचं घड्याळ बघा. बॅकअप नसेल तर लाइट गेली की ते मागे पडतं. मग रात्री 2 ला ठरवलेलं रिजनरेशन (मिठाच्या पाण्याने रेझिन पुन्हा ताजं करणं) सकाळी ऐन अंघोळीच्या वेळी होतं, आणि तेवढा वेळ बहुतेक मशिनं जड पाणीच पुढे सोडतात.

घड्याळ बरोबर असेल तर रिजनरेशन हाताने सुरू करा आणि मिठाच्या टाकीपाशी थांबा. ब्राइन (मिठाचं पाणी) ओढताना आतली पातळी हळूहळू उतरायला हवी. नाही उतरली तर इंजेक्टर (ब्राइन ओढून घेणारा छोटा भाग) तुंबलाय किंवा दाब कमी पडतोय. गच्चीवरची टाकी मशीनच्या 3 मीटर वर असेल तर दाब जेमतेम 0.3 बार मिळतो, तो ब्राइन ओढायला पुरत नाही. म्हणजे रात्री प्रेशर पंप बंद करून झोपत असाल तर दोष तिथेच सापडेल!

झाडूचा दांडा मिठात खुपसूनही बघा. वर कडक थर आणि खाली पोकळी असेल तर मीठ पाण्यापर्यंत पोचत नाही; तो थर फोडा.

प्रत्येक बदलानंतर हार्डनेस किटने तपासा: थेंब टाकल्यावर निळं झालं तर मऊ, लालसर राहिलं तर जड.