चप्पल, साज आणि पांढरा रस्सा : दोन दिवसांच्या कोल्हापूरसाठी वाचकांचे प्रश्न

पावसाळा सरला की शनिवार-रविवार कोल्हापूर गाठणाऱ्या मुलींची पत्रं वाढतात. प्रवास, खरेदी आणि खाणं, तिन्हींबद्दलच्या शंका बहुतेक एकाच पत्रात असतात. म्हणून या वेळी सगळी उत्तरं कोल्हापूरचीच.

प्रश्न : शुक्रवारी ऑफिस सुटायला रात्रीचे साडेआठ होतात आणि सोमवारी सकाळी पुन्हा हजर राहायचं आहे. एकटीच जाणार आहे. दर्शन, चप्पल खरेदी, जेवण सगळं बसेल का? (हिंजवडी)

बसेल, पण क्रम नीट लावायला हवा. मुंबईहून रात्री सुटणारी महालक्ष्मी एक्सप्रेस सकाळी कोल्हापूरला पोचते. पुण्यात ती मध्यरात्र उलटल्यावर येते, त्यामुळे पुण्याहून चढणाऱ्यांनी तिकीट शनिवारच्या तारखेचं काढायचं. घाईत शुक्रवारची तारीख टाकली तर ते गुरुवारच्या रात्रीचं तिकीट होतं, आणि स्टेशनवर पोचल्यावर कळतं की आपली गाडी कालच गेली. आरक्षण साठ दिवस आधी उघडतं. ते हुकलं तर तत्काळ आहेच : गाडी मुंबईहून सुटण्याच्या आदल्या दिवशी, म्हणजे इथे गुरुवारी, वातानुकूलित डब्यांसाठी सकाळी दहाला, स्लीपरसाठी अकराला. तत्काळचं पक्कं तिकीट रद्द केल्यास पैसे परत मिळत नाहीत, एवढं लक्षात ठेवा.

एसटीने जायचं तर स्वारगेटहून गाड्या आहेत. मार्च २०२३पासून महिलांना अर्धं तिकीट आहे. कोल्हापूरचं मध्यवर्ती बसस्थानक रेल्वे स्टेशनच्या जवळच आहे, त्यामुळे खोली त्या भागात घेतली तर पहाटे पोचणं आणि रात्री निघणं दोन्ही सोयीचं होतं. परतीला रविवारी दुपारी उशिरा निघू नका. खंबाटकीचा बोगदा आणि खेड-शिवापूर इथे पुण्याकडे येणाऱ्या गाड्यांची रांग लागते. एक तर दुपारी जेवून लगेच निघा, नाही तर रात्रीची गाडी धरा.

आता क्रम. शनिवारी सकाळी लवकर अंबाबाईचं दर्शन घ्या. कपडे अंगभर असू द्या. नोव्हेंबरची ९ ते ११ किंवा ३१ जानेवारी ते २ फेब्रुवारी या तारखा असतील, तर किरणोत्सवामुळे (मावळतीची किरणं थेट मूर्तीकडे येतात ते दिवस) संध्याकाळी देवळात खूप गर्दी असते, हे धरून चाला. दर्शनानंतर मिसळ, मग भवानी मंडप, दुपारी विश्रांती आणि संध्याकाळी चप्पल. हे शनिवारी संध्याकाळीच का? दिवसभर चालून पाय थोडे सुजलेले असतात, म्हणून त्या वेळी जी चप्पल नीट बसते ती पुढेही काचत नाही. शिवाय ती रात्री खोलीतल्या फरशीवर घालून बघता येते आणि जोड चुकला तर रविवारी सकाळी बदलता येतो. रविवारी निघताना पिशवी हातात घेऊन केलेली चप्पल खरेदी हमखास चुकते. पन्हाळा वीसेक किलोमीटरवर आहे. तो रविवारी सकाळी लवकर करा, नाही तर या खेपेला सोडा.

प्रश्न : जून २०२५मध्ये मिलानच्या फॅशन शोमध्ये कोल्हापुरीसारखी चप्पल दिसली, तेव्हापासून ऑफिसमधल्या सगळ्या मैत्रिणींना ती हवी आहे. अस्सल कशी ओळखायची? आणि मागच्या वेळी घेतलेली इतकी चावली की टाकून द्यावी लागली, त्याचं काय? (ठाणे)

आधी ओळख. कोल्हापुरी चपलेला २०१९मध्ये भौगोलिक मानांकन मिळालं. ते महाराष्ट्रातल्या कोल्हापूर, सांगली, सातारा, सोलापूर आणि कर्नाटकातल्या बेळगाव, धारवाड, बागलकोट, विजापूर अशा आठ जिल्ह्यांचं आहे. त्यामुळे दुकानदार ‘हा माल अथणीकडचा आहे’ म्हणाला, तर तो (अथणी बेळगाव जिल्ह्यातलीच) खोटा माल समजू नका. तिकडचे कारागीर पिढ्यान्‌पिढ्या हेच काम करतात. खोटा माल तो, जो रेक्झिनचा पट्टा आणि पुठ्ठ्याचा तळ लावून कोल्हापुरी म्हणून विकला जातो.

चप्पल हातात घेतली की आधी कडेने बघा. तळ आणि टाच कातड्याच्या थरांची असते आणि ते थर कडेला दिसतात. कडेला जाड काळा रंग फासून थर झाकलेले असतील, तर विचारा. मग उलटी करा. पारंपरिक चपलेत तळ कातड्याच्याच वादीने शिवलेला असतो, खिळे नसतात. त्यानंतर पट्ट्याची आतली बाजू बघा. कातड्याची आतली बाजू खरखरीत, तंतुमय असते, रेक्झिनला मागे विणलेलं कापड दिसतं. शेवटची खूण पाण्याची : दुकानदाराला विचारून तळाच्या कोपऱ्याला ओलं बोट लावा. झाडसालीने कमावलेलं कातडं पाणी शोषतं आणि तेवढी जागा गडद होते. रेक्झिनवर थेंब तसाच राहतो. रंगवलेली चप्पल असेल तर ओल्या पांढऱ्या रुमालाने घासून बघा. रुमालावर रंग उतरला तर तो तळपायावरही उतरणार.

घसरू नये म्हणून हल्ली बरेच कारागीर तळाला रबर लावून देतात. शहरातल्या गुळगुळीत फरशीवर रोज वापरायची असेल तर ते चांगलंच आहे, त्यात फसवणूक नाही. लिडकॉम, म्हणजे राज्याचं चर्मोद्योग महामंडळ, काही जोडांना क्यूआर कोड देतं. तो असेल तर स्कॅन करून बघा.

आता मापाबद्दल. कातडं रुंदीला सैल होतं, लांबीला वाढत नाही. म्हणून टाच तळाच्या कडेच्या आतच राहायला हवी. पट्टा मात्र पहिल्या दिवशी घट्ट वाटला तरी चालेल, किंबहुना तो तसाच हवा. दुकानात मऊ, सैल वाटणारी चप्पल महिन्याभरात पायातून निसटायला लागते. अंगठ्याच्या कडीत अंगठा जरा दाबून गेला तर हरकत नाही, पण कडीची कड कातडीत रुतत असेल तर ती जोडी नको. दोन्ही पायांत घालून चार पावलं चाला आणि मग दोन्ही तळ एकमेकांना लावून बघा. हाताने कापलेल्या जोडीत थोडा फरक असतोच, पण एक चप्पल दुसरीपेक्षा बोटभर लांब असून चालणार नाही.

चप्पल चावते ती बहुतेक दोन जागी, अंगठ्याच्या मुळाशी आणि पावलावर जिथे पट्ट्याची कड येते तिथे. पहिल्याच दिवशी ती घालून बाजारभर फिरलात तर फोड येणारच. घरी आणल्यावर दोन्ही चपलांना मिळून एक चहाचा चमचा एरंडेल किंवा खोबरेल घ्या. ते फडक्याला लावून पट्टा, कान (कडेचे कातडी पंख) आणि अंगठ्याची कडी यांच्या फक्त आतल्या बाजूला चोळा आणि रात्रभर ठेवा. तळाला तेल लावू नका, पाय सरकतो. दुसऱ्या दिवशी घरात अर्धा तास घाला, तिसऱ्या दिवशी तासभर. सुती मोजा घालून चाललं तर कड लवकर नमते. आठवडाभरात पट्टा पावलाचा आकार घेतो. नवी चप्पल पाण्यात भिजवून मऊ करायचा सल्ला कुणी दिला तर ऐकू नका. पाण्यात कमावणीचा अर्क आणि तेल दोन्ही निघून जातं, वाळल्यावर कातडं कडक होतं आणि नेमकं दुमडणीवर तडकतं.

भिजलीच तर कोरड्या फडक्याने टिपा, वर्तमानपत्रावर आडवी ठेवून सावलीत पंख्याखाली वाळवा. ऊन नको, हेअर ड्रायर नको. किंचित दमट असतानाच तेलाचं बोट फिरवा. जून ते सप्टेंबर ती सुती पिशवीत ठेवा. प्लास्टिकमध्ये ठेवलेल्या चपलेवर हमखास पांढरी बुरशी येते. आली तर घराबाहेर कोरड्या ब्रशने झाडा, मग व्हिनेगर आणि पाणी समभाग घेऊन त्यात पिळलेल्या फडक्याने पुसा आणि सावलीत वाळू द्या.

आणखी एक विनंती. नाजूक वेणी आणि गोंड्याच्या जोडीला दिवसभराचं हातकाम लागतं, आणि वेणी घालण्याचं काम बहुतेक ठिकाणी घरातल्या बाया करतात. शिवण, वेणी, कातडं सगळं चोख असेल तर शंभर रुपयांसाठी घासाघीस करू नका.

प्रश्न : चपलेबरोबर काय घालू? साडीवर चालते का? (नाशिक)

चालते आणि शोभते. फक्त चप्पल पायात घालून मग साडी नेसा, नाही तर टाचेच्या उंचीमुळे साडी वर जाते आणि घोटा उघडा पडतो. तेल लावल्यावर दोन दिवस पांढऱ्या किंवा फिक्या साडीवर घालू नका, फॉलला डाग पडतात. पँट घोट्यापर्यंत आखूड असली की पट्टा आणि वेणी दिसते. पायघोळ पलाझोत चप्पल झाकली जाते आणि कडा टाचेखाली येऊन फाटते.

प्रश्न : पहिल्या पगारवाढीतून कोल्हापुरी साज घ्यायचा आहे. सोनं परवडेल असं वाटत नाही. फसवणूक कुठे होते? (सांगली)

पारंपरिक साजात, म्हणजे या गळ्यातल्या हारात, २१ पानं (पदकं) सांगतात : दहा दशावतारांची, आठ अष्टमंगलाची, माणिक आणि पाचूची एकेक आणि एक डोरलं. तुम्हाला २१ पानांचाच हवा असं नाही. कमी पानांचा आखूड साज रोजच्या कुडत्यावरही घालता येतो आणि सोनंही कमी लागतं.

घोटाळा होतो तो वजनात. साजाचे मणी पोकळ असतात आणि आत लाख भरलेली असते. त्यामुळे काट्यावर दिसणारं वजन सगळं सोन्याचं नसतं. एकूण वजन, लाखेचं वजन आणि निव्वळ सोन्याचं वजन असे तीन आकडे बिलावर वेगवेगळे लिहून घ्या. लाख सोन्याच्या भावाने लावली जात नाही ना, ते तिथेच कळतं. पानं आणि मणी वेगवेगळ्या शुद्धतेचे असू शकतात, तेही विचारा. हॉलमार्कबरोबर सहा अक्षर-आकड्यांचा एचयूआयडी, म्हणजे त्या दागिन्याचा ओळख क्रमांक असतो, एप्रिल २०२३पासून तो बंधनकारक आहे. बीआयएस केअर अ‍ॅपवर तो दुकानातच तपासा.

सोन्याचा जमत नसेल तर चांदीवर सोन्याचं पाणी दिलेला साज घ्या. पाणी उडालं तरी पुन्हा देता येतं आणि चांदीची किंमत राहते. पितळेवरचा स्वस्त साज घामाने काळा पडतो. कुठलाही साज असो, अत्तर आधी लावा, वाळू द्या, मग साज घाला. लाखेचे मणी गरम पाण्यात किंवा केस वाळवण्याच्या झोतात नेऊ नका, लाख मऊ होऊन मणी चेपतात.

प्रश्न : मला तिखट सोसत नाही, पण पांढरा रस्सा चाखायचाच आहे. घरी केला तर दर वेळी फुटतो. (वाशी)

पांढरा रस्सा अगदी फिका नसतो, त्याला मिरी आणि मिरचीचा चटका असतो. पण तांबड्यापेक्षा खूप सौम्य. थाळीत दोन्ही रस्से येतात. आधी पांढरा प्या, तांबडा भाकरीबरोबर थोडा थोडा घ्या. मिसळ खाताना ‘कट वेगळा द्या’ म्हणून सांगा, म्हणजे तिखट किती घ्यायचं ते तुमच्या हातात राहतं. तिथे मिसळीबरोबर पावाऐवजी स्लाइस ब्रेड येतो, तोही कट छान शोषतो. मटण खात नसाल तर अख्खा मसूर आणि भाकरी मागा. रात्रीची गाडी असेल तर त्या संध्याकाळी तांबडा टाळा.

आता घरचा रस्सा, चौघांना पुरेल एवढा. अर्धा किलो मटण घ्या, त्यात नळ्या हव्यात. सव्वा लिटर पाणी, एक मोठा चमचा आलं-लसूण वाटण आणि मीठ घालून शिजवा. हळद घालू नका, रस्सा पिवळा होतो. वरचं पाणी गाळून घ्या, लिटरभर तरी निघायला हवं. दोन मोठे चमचे पांढरे तीळ, एक मोठा चमचा खसखस आणि दहा काजू अर्धा तास कोमट पाण्यात भिजवून गंधासारखे बारीक वाटा. वाटण भरड राहिलं तर खसखस तळाशी बसते आणि वर नुसतं पाणी राहतं. मोठ्या पातेल्यात दोन चमचे तूप, चार लवंगा, चार वेलदोडे, आठ मिरी, दालचिनीचा तुकडा, तमालपत्र आणि दोन चिरलेल्या हिरव्या मिरच्या परता. मग वाटण घालून मंद आचेवर दोन-तीन मिनिटं हलवा. रंग बदलता कामा नये. त्यावर गाळलेलं गरम पाणी ओता आणि पाच-सात मिनिटं उकळा.

रस्सा फुटतो तो यापुढे. आच अगदी कमी करा. एका नारळाचं घट्ट दूध, साधारण वाटीभर, वेगळ्या भांड्यात घ्या आणि त्यात दोन डाव गरम रस्सा घालून सारखं करा. मग ते पातेल्यात बारीक धारेने सोडा आणि सतत ढवळत राहा. फ्रिजमधलं गार दूध उकळत्या रस्स्यात पडलं की त्यातली प्रथिनं एकदम आकसतात, चरबी सुटी होते आणि वर तेलाचे डोळे दिसायला लागतात. दूध घातल्यावर रस्सा उकळू द्यायचा नाही, कडेला वाफ दिसली की गॅस बंद. झाकण घट्ट लावू नका आणि लिंबू पिळू नका. आधीच करून ठेवायचा असेल तर नारळाचं दूध घालण्याआधी थांबा आणि ताटं मांडल्यावर पुढचं करा. उरलेला रस्सा दुसऱ्या दिवशी थेट आचेवर ठेवू नका, गरम पाण्याच्या भांड्यात पातेली ठेवून कोमट करा.