शब्दचर्चा : ‘डुप्लिकेट अर्ग्युमेंट’ला मराठीत काय म्हणावे?

जळगावच्या एका अभियांत्रिकी विद्यार्थ्याने विचारले आहे की, क्रॉस-कंपाइलच्या (एका प्रकारच्या यंत्रावर दुसऱ्या प्रकारच्या यंत्रासाठी प्रोग्रॅम तयार करण्याच्या) बिल्ड मॅक्रोत, म्हणजे एका नावामागे साठवलेल्या आज्ञेत, ‘होस्ट’ हे अर्ग्युमेंट (आज्ञेला पुरवायचे मूल्य) दोनदा जात होते, त्यातले एक त्याने काढले. आता या बदलाची नोंद मराठीत करताना ‘द्विरुक्त अर्ग्युमेंट दुरुस्त केले’ असे लिहावे का?

माझ्या मते ‘दुबार अर्ग्युमेंट वगळले’ असे लिहावे. ‘हळूहळू’, ‘घरोघर’ यांतली द्विरुक्ती मुद्दाम केलेली आणि अर्थात भर घालणारी असते. इथला दुसरा उल्लेख नकळत शिरलेला आहे. ‘दुहेरी’ म्हटले, तर कोड वाचणाऱ्याला आधी दुहेरी अवतरणचिन्हच आठवेल. ‘दुबार’ ऐकताच खान्देशातल्या माणसाच्या मनात कपाशीची दुबार पेरणी येणे साहजिक आहे, पण तिच्यात पहिले बियाणे वाया गेलेले असते. आपल्याला हवा तो अर्थ मतदार यादीतल्या ‘दुबार नावां’चा आहे, जिथे दोन्ही नोंदी जागेवर असतात आणि त्यांतली एक वगळावी लागते.

तांत्रिक वस्तुस्थितीही अशीच आहे. ऑटोकॉन्फ या कॉन्फिगर स्क्रिप्ट तयार करणाऱ्या साधनात ‘बिल्ड’ म्हणजे ज्या यंत्रावर कंपाइल चालते ते, आणि ‘होस्ट’ म्हणजे तयार झालेला प्रोग्रॅम ज्यावर चालायचा आहे ते. आरपीएम या लिनक्सवरच्या पॅकेज-व्यवस्थेचा कॉन्फिगर मॅक्रो उलगडला की ही दोन्ही अर्ग्युमेंट तो स्वतःच पुरवतो. स्पेक फाइलमध्ये (पॅकेज कसे बांधायचे ते सांगणाऱ्या फाइलमध्ये) मॅक्रोपुढे पुन्हा ‘होस्ट’ लिहिले, तर कॉन्फिगर स्क्रिप्ट कसलीही तक्रार न करता शेवटचे मूल्य धरते. दोन्ही मूल्ये सारखी आहेत तोवर काही बिघडत नाही, पण उद्या कोणी मॅक्रोतले मूल्य बदलून एआरएम प्रोसेसरचे केले, तरी स्पेक फाइलमधले जुनेच लागू राहते आणि चूक शोधणारा मात्र मॅक्रोच तपासत बसतो.

म्हणून कोठले अर्ग्युमेंट वगळले, हेही नोंदीत यावे : ‘कॉन्फिगर मॅक्रो होस्ट पुरवतोच, स्पेक फाइलमधले दुबार होस्ट अर्ग्युमेंट वगळले.’

यात ‘अर्ग्युमेंट’ तसेच ठेवावे, कारण ‘युक्तिवाद’ कोर्टात शोभतो. ‘होस्ट’साठी ‘यजमान’ तर मुळीच नको; ज्याच्या घरी कार्य चालू आहे तो यजमान, या समजुतीने वाचक कंपाइल करणाऱ्या यंत्रालाच होस्ट समजेल आणि अर्थ नेमका उलटा होईल.