विचारा बिनधास्त: मुलगा स्वतःच चादर धुतोय

प्रश्न: ताई, माझा मुलगा १४ वर्षांचा, नववीत आहे. महिनाभर बघतेय, मधूनच सकाळी लवकर उठून स्वतःची चादर बादलीत भिजवतो, जो जेवलेलं ताट उचलत नाही तो! मला कळलं काय ते, गप्प बसले. पण परवा दप्तर बघितलं तर कसल्यातरी 'ताकदीच्या' पावडरचा डबा, मित्राच्या पत्त्यावर मागवलेला. ह्यांना सांगितलं तर म्हणे आम्हाला कुणी शिकवलं होतं, कळतं आपोआप. मुलीला पाळीचं मी सगळं सांगितलं होतं, पण मुलाशी आईने कसं बोलायचं?
– एक आई, कराड

उत्तर: ह्यांना आधी एवढंच विचारा, एसटी स्टँडच्या मुतारीत चिकटवलेले 'गुप्तरोग, हमखास इलाज'वाले कागद तुम्ही शाळेत असताना वाचले होते ना? सगळ्यांनीच वाचलेत. तेच कागद आता मुलाच्या मोबाईलमध्ये आलेत आणि तिथून डबा घरपोच येतो.

झोपेत वीर्य बाहेर येतं त्याला आपल्याकडे स्वप्नदोष म्हणतात, माझं विचाराल तर अर्धा घोळ या शब्दानेच घातलाय. दोष कसला? वयात आलं की वृषणात शुक्राणू तयार व्हायला लागतात आणि ते काम चालूच राहतं, मग कुणाला आठवड्यातून एकदा असं होतं, कुणाला महिन्यातून, कुणाला कधीच नाही, आणि तिघंही ठणठणीत असतात. ४० थेंब रक्ताचं एक थेंब वीर्य बनतं ही तर निव्वळ थाप, पण पोरं ती ऐकून खरंच खंगतात, अभ्यासात लक्ष नाही, आरशात गालफडं बघत बसतात. हस्तमैथुनाचंही तेच, त्याने अशक्तपणा येत नाही. वाचकांच्या असल्या प्रश्नांना मासिकात उत्तरं दिली म्हणून र. धों. कर्व्यांवर १९३४ साली खटला झाला, बाबासाहेब आंबेडकर त्यांच्या बाजूने उभे राहिले तरी दंड झालाच. माझ्या टपालात अजून तेच प्रश्न येतात बघा.

आता बोलायचं कसं. समोर बसवून 'मला तुझ्याशी बोलायचंय' अजिबात नको, पोरगं तिथेच गोठतं. गाडीवर मागे बसवून नेताना, कपड्यांच्या घड्या घालताना, म्हणजे एकमेकांच्या तोंडाकडे बघावं लागणार नाही अशा वेळी सहज म्हणा, "चादर धुतोस ते बरंय, पण घाबरू नको, या वयात पुष्कळ मुलांना होतं, बाबांना विचार." तो "आई गप ना" म्हणेल. गप्प बसा. दोन दिवसांनी त्याचाच एखादा प्रश्न येईल, नाही आला तर तुम्ही परत थोडं बोला.

दप्तर तपासलं हे मात्र सरळ कबूल करा, नाहीतर डब्याचा विषय काढणार कसा? ओरडू नका, पावडर बंद करायला सांगा. ती खाऊन उलट्या, पोटदुखी असं काही होत असेल तर डब्यासकट डॉक्टरांकडे न्या. तुमच्यापेक्षा परक्याशी बोलणं त्याला सोपं जात असेल तर सरकारी दवाखान्यात मैत्री क्लिनिक कुठे आहे चौकशी करा, १० ते १९ वयाच्या मुलामुलींसाठी असतं, फुकट, आणि समुपदेशक बोललेलं घरी सांगत नाहीत.

एक गोष्ट मात्र ह्यांनीच सांगायची, आणि या आठवड्यातच. एका बाजूच्या वृषणात अचानक जोरात कळ आली, सूज, मळमळ, तर आतल्या आत पीळ पडून रक्तपुरवठा बंद झालेला असू शकतो. साधारण ६ तासांत ऑपरेशन झालं तर वृषण वाचण्याची शक्यता चांगली असते, उशीर झाला तर काढावं लागू शकतं. आणि मुलं काय करतात, लाजेपायी नुसतं 'पोटात दुखतंय' म्हणतात, घरचे ओवा देतात आणि सकाळ उजाडते. त्याला म्हणावं, तिथे दुखलं तर रात्री २ वाजता पण मला उठव.