दुष्काळाला इंग्रजीत नेमकं काय म्हणायचं?

परभणीच्या ताईंचा प्रश्न थोडक्यात असा. सरावाच्या निबंधात त्यांनी 'फॅमिन फेल इन मराठवाडा इन १९७२' असं लिहिलं. तपासणाऱ्यांनी फॅमिन खोडून ड्राउट केलं आणि 'फेल', म्हणजे 'पडला', याखालीही रेघ ओढली. शब्दकोशात दोन्ही शब्दांपुढं दुष्काळच दिलाय, मग चुकलं कुठं? आणि स्केअर्सिटी, शॉर्टेज, डर्थ हे आणखी कशाला?

ताई, तीस वर्षं तालुक्याच्या शाळेत इंग्रजी शिकवलं, ही चूक दरवर्षी तपासली. ती होते, कारण आपला दुष्काळ सगळंच पोटात घेतो. पाऊस गेला, धान्य संपलं, विहिरीनं तळ गाठला, वैरण मिळेना, सगळ्याला दुष्काळच. दुष्काळ म्हणजे वाईट काळ. इंग्रजी मात्र आधी विचारतं, कमी काय पडलं?

पाऊस कमी पडला तर ड्राउट. हा 'ड्राय'च्या कुळातला शब्द, म्हणजे मुळात कोरडेपणा. उच्चार 'अबाउट'सारखा, ड्राउट, ड्रॉट नव्हे. हवामान खात्याच्या मोजणीत एखाद्या भागात सरासरीपेक्षा २६ टक्के किंवा त्याहून जास्त तूट आली की ड्राउट, ५० टक्क्यांच्या वर गेली की सिव्हिअर ड्राउट. पण मिरगात पेरणी झाली आणि मग पावसानं वीस दिवस ओढ दिली, तर लगेच ड्राउट लिहू नका. आपण ज्याला खंड म्हणतो तो 'ड्राय स्पेल'. खंडानंतर पाऊस आला तर पीक उभं राहतं, म्हणून हा फरक शेतकऱ्याच्या पोरांनी तरी पाळावा असं मला मनापासून वाटतं.

फॅमिन हा वेगळ्याच घराण्यातला. लॅटिनमध्ये 'फामेस' म्हणजे भूक, त्यावरून आलेला. माणसं अन्नावाचून मोठ्या संख्येनं मरतात तेव्हा फॅमिन. त्यासाठी पाऊस जायलाच हवा असंही नाही. १९४३ साली बंगालमध्ये लाखो माणसं गेली. युद्धाचा काळ, तांदळाचे भाव गरिबाच्या हाताबाहेर गेलेले. त्याला इंग्रजीत बेंगॉल फॅमिनच म्हणतात, कुणी बेंगॉल ड्राउट म्हणत नाही. आयर्लंडमध्ये १८४५ पासून बटाट्यावर रोग पडला, तोही फॅमिन. आपल्याकडं १८७६ ते ७८ मध्ये आधी पाऊस गेला आणि मग दख्खनभर, तेव्हाच्या निजामाच्या मुलखातही, माणसं भुकेनं मेली. तिथं ड्राउट हे कारण आणि फॅमिन हा परिणाम, म्हणून दोन्ही शब्द बरोबर.

आता तुमचं १९७२. पाऊस गेला, पिकं गेली, ड्राउट तर होताच. पण राज्यानं दुष्काळी कामं काढली. मे १९७३ मध्ये राज्यभर जवळपास ५० लाख माणसं त्या कामांवर होती. आमच्या घरातल्या बायकांनी खडी फोडली, पाझर तलावाची माती वाहिली, सुकडी खाल्ली, मिलोच्या, म्हणजे बाहेरदेशातून आलेल्या ज्वारीच्या, लाल भाकरी खाल्ल्या. हाल फार झाले, उपासमारही झाली. पण १८७६ सारखा संहार झाला नाही. म्हणून जाणकार बहात्तरला ड्राउट म्हणतात, आणि फॅमिन टळला असं लिहितात.

यात एक कायद्याची गोष्टही आहे. महाराष्ट्रानं १९६३ मध्ये खास कायदा करून राज्याच्या कायद्यांमधून 'फॅमिन' हा शब्दच काढला आणि त्याजागी 'स्केअर्सिटी' घातला. सरकार वेळीच उपाय करतं, तेव्हा फॅमिनची वेळ येणार नाही, अशी त्यामागची भूमिका. म्हणून तेव्हाच्या कागदांत 'स्केअर्सिटी रिलीफ' दिसतं. आपल्या तहसीलमधली 'टंचाई' म्हणजे हीच स्केअर्सिटी. मला स्वतःला हे पटत नाही. चूल पेटत नसलेल्या घराला टंचाई हा शब्द फार हलका आहे. पण परीक्षेत सरकारी अहवालाचा उतारा आला तर तो याच अर्थानं वाचा.

रोजच्या वापरात स्केअर्सिटी आणि शॉर्टेज जवळजवळ सारखे चालतात. शॉर्टेज सहसा ठरावीक काळापुरतं, आणि मोजता येईल असं. एप्रिल २०१६ मध्ये लातूरला मिरजेहून रेल्वेनं पाणी आणलं, पहिल्या खेपेला सुमारे ५ लाख लिटर. तिथं 'अक्यूट वॉटर शॉर्टेज' चपखल बसतं. वर्षानुवर्षं पाणी पुरतच नाही, असं एखाद्या प्रदेशाबद्दल म्हणायचं असेल तर 'वॉटर स्केअर्सिटी'.

'स्केअर्स' आणि 'रेअर'ची गल्लत करू नका. रेअर म्हणजे मुळातच दुर्मिळ. स्केअर्स म्हणजे एरवी मिळणारी गोष्ट आता मिळेनाशी होणं, जशी उन्हाळ्यात वैरण. 'स्केअर्सली' मात्र जेमतेम किंवा क्वचितच या अर्थानं येतो. आणि तो आधीच नकाराकडं झुकलेला, म्हणून त्याच्यासोबत 'नॉट' लावायचा नाही.

डर्थ मला या सगळ्यांत आवडतो. तो 'डिअर'पासून आला, आणि डिअरचा एक अर्थ महाग. वस्तू कमी झाली की भाव चढतो, ही बाजारची गोष्ट त्या शब्दातच आहे. आज तो जास्त करून माणसं, संधी, माहिती यांच्यासाठी वापरतात: 'डर्थ ऑफ डॉक्टर्स', 'डर्थ ऑफ जॉब्ज'. टँकरच्या पाण्यासाठी तो लिहिला तर चूक ठरणार नाही, पण पुस्तकी वाटेल.

राहिलं 'फेल'. आपल्याकडं दुष्काळ पडतो, म्हणून पोरं 'फेल' लिहितात. इंग्रजीत पाऊस पडतो, ड्राउट पडत नाही. तो 'हिट' करतो किंवा नुसता 'देअर वॉज' येतो. आणि तो मोजता येणारा शब्द आहे, त्याच्याआधी 'अ' लागतो. तुमचं वाक्य असं करा: 'अ सिव्हिअर ड्राउट हिट मराठवाडा इन १९७२'. पुढं जागा उरली तर 'बट रिलीफ वर्क्स हेल्प्ड प्रिव्हेंट अ फॅमिन' एवढं जोडा.