वाचकांचे प्रश्न : जुनी अमेरिकन गाडी दान करताना

प्रश्न : आमच्या बाबांची १९६५ ची शेव्रोले इम्पाला रावपुऱ्यातल्या वाड्यात बारा वर्षं उभी आहे. बाबा गेले; आरसी बुक अजून त्यांच्याच नावावर आहे. गाडी एका अनाथाश्रमाला द्यावी असं आम्हा भावंडांना वाटतं. आयकरात ८०-जीची, म्हणजे देणगीवरची, सवलत मिळेल का? – एक वाचक, बडोदे

उत्तर : नाही. ८०-जीची सवलत फक्त पैशाच्या देणगीला आहे. वस्तू दिली, मग ती तांदळाची पोती असोत की इम्पाला, सवलत शून्य. शिवाय जवळजवळ साडेपाच मीटर लांबीची ही गाडी आश्रम ठेवणार कुठे आणि तिचा विमा कोण भरणार? ओझं देऊ नका. गाडी विका आणि पैसे चेकने किंवा ऑनलाइन द्या. दोन हजारांवरची रोख देणगी सवलतीत धरत नाहीत आणि सवलत जुन्या करपद्धतीतच आहे. संस्थेकडून फॉर्म १०-बीईचं प्रमाणपत्र आठवणीने मागा, नुसत्या पावतीवर भागत नाही.

विकण्याआधी कागद. मालक वारल्यावर तीन महिन्यांत फॉर्म ३१ भरून गाडी वारसाच्या नावावर करायची असते. मुदत टळली असेल तर दंड भरून करा, पण करा; बाकीच्या भावंडांचं संमतिपत्र सोबत लागेल. मयताच्या नावावरची गाडी जाणकार गिऱ्हाईक घेत नाही, आणि घेतलीच तर पडत्या भावात.

पन्नास वर्षांवरच्या गाडीला २०२१ च्या नियमांप्रमाणे विंटेज नोंदणी मिळते. नव्या नोंदणीचं शुल्क २० हजार, मुदत दहा वर्षं, आणि आधीपासून नोंदलेल्या गाडीला जुना नंबर ठेवता येतो. अशी गाडी रोजच्या किंवा धंद्याच्या वापराला चालत नाही. विक्री झाली की दोघांनीही ९० दिवसांत परिवहन खात्याला कळवायचं.

अडचण येते ती इंजिनाची. पेट्रोल परवडेना म्हणून आपल्याकडे कितीतरी अमेरिकन गाड्यांत डिझेल इंजिन बसवलं गेलं. चासी, बॉडी आणि इंजिनात मोठा बदल नसावा अशी विंटेज नोंदणीची अट आहे, त्यामुळे अशी गाडी तिथेच अडते. मूळ इंजिन कोणतं होतं ते ड्रायव्हरच्या डाव्या बाजूच्या दाराच्या बिजागरीच्या खांबावरची पट्टी सांगते. अमेरिकेत बनलेल्या १९६५ च्या इम्पालाचा या पट्टीवरचा नंबर १६३ ने सुरू झाला तर सहा सिलिंडर, १६४ असेल तर व्ही-८, म्हणजे आठ सिलिंडरचं इंजिन. १६६ दिसला तर ती सुपर स्पोर्ट व्ही-८, म्हणजे खऱ्या मसल कारच्या (ताकदवान इंजिनाच्या अमेरिकन गाडीच्या) जवळची. मग पहिल्या दलालाला हो म्हणू नका.

करासाठी विमा, दुरुस्तीची बिलं, पेट्रोलच्या पावत्या जपून ठेवा. स्वतःच्या वापरातल्या गाडीच्या विक्रीवर भांडवली नफ्याचा कर लागत नाही, पण वापर दाखवता आला पाहिजे. २०२५ मध्ये मुंबई उच्च न्यायालयाने एका जुन्या फोर्डच्या विक्रीचा नफा करपात्र ठरवला, तो वापराचा पुरावा नव्हता म्हणूनच.

प्रश्न : माझे दीर न्यू जर्सीत एडिसनला असतात. त्यांची १९६८ ची मस्टँग त्यांना तिथल्याच संस्थेला द्यायची आहे. गॅरेजवाला किंमत ३० हजार डॉलर सांगतो. तेवढी करसवलत मिळेल? – एक वाचक, दांडिया बाजार

उत्तर : तिथे वस्तूच्या दानालाही सवलत आहे, पण आकडा गॅरेजवाल्याचा चालत नाही. संस्थेने गाडी लिलावात १२ हजारांना विकली, तर सवलत १२ हजारांचीच. संस्था गाडी स्वतः खरोखर वापरणार असेल, तिच्यावर मोठं काम करणार असेल किंवा गरजूला देणार असेल, तरच बाजारभाव धरतात. तो पाच हजार डॉलरवर गेला की मान्य मूल्यमापकाचा अहवाल आणि फॉर्म ८२८३ लागतो. म्हणून भाऊजींना आधी एकच विचारायला सांगा, ‘तुम्ही गाडीचं काय करणार?’ विकल्यापासून ३० दिवसांत संस्थेने गाडी मिळाल्याचा फॉर्म १०९८-सी द्यायला हवा. आणि ते स्टँडर्ड डिडक्शन (ठरलेली सरसकट वजावट) घेत असतील, तर या सगळ्याचा करात काही उपयोग नाही.

टायटलवर (गाडीच्या मालकीच्या कागदावर) संस्थेचं नाव लिहूनच सही करावी, कोरी जागा सोडू नये. न्यू जर्सीत नंबरप्लेट परत करायच्या असतात. आधी प्लेट, मग विमा बंद. विंडशील्डखालच्या नंबरात पाचव्या जागी टी असेल तर सहा सिलिंडरचं साधं इंजिन, एस असेल तर ३९० घनइंचांचं मोठं. एस निघालं तर स्वतः विकून पैसे देणंच बरं. (दुसऱ्या जागी टी असेल तर गाडी फोर्डच्या मेटुचेन कारखान्यातली, आणि तो एडिसनमध्येच होता.)

प्रश्न : बारा वर्षं उभी असलेली १९६५ ची शेव्रोले व्ही-८ गिऱ्हाइकाला सुरू करून दाखवायची आहे. मेकॅनिक म्हणतो, नवी बॅटरी लावून स्टार्टर मारू. – एक वाचक, वाडी

उत्तर : मारू देऊ नका. पिस्टनच्या रिंगा सिलिंडरला चिकटलेल्या असतात. जोर दिला की रिंग तुटते किंवा सिलिंडरला ओरखडे पडतात. आठही प्लग काढून प्रत्येक भोकात चमचाभर इंजिन ऑइल सोडा आणि रात्रभर राहू द्या. मग क्रँकच्या (इंजिनाच्या मुख्य दांड्याच्या) पुढच्या बोल्टला पाना लावून हाताने दोन पूर्ण फेरे द्या. अडलं तर थांबा, पुन्हा तेल सोडा. टाकीतलं पेट्रोल वॉर्निशसारखं वास मारत असेल. ते सगळं काढा, कार्ब्युरेटरचं फ्लोट बाउल (पेट्रोलची वाटी) धुवा, रबरी पाइप बदला. आताच्या २० टक्के इथेनॉलच्या पेट्रोलमध्ये त्या काळचं रबर टिकत नाही. इंजिन ऑइलही बदला; फिल्टरसह साधारण पावणेपाच लिटर लागेल.

इंजिन सुरू झालं तरी गाडी रस्त्यावर काढू नका. १९६५ च्या या गाड्यांत ब्रेकची एकच लाइन असते. एका चाकाचा सिलिंडर गळला की पेडल थेट तळाला जातं. गिऱ्हाइकाला अंगणातच दाखवा आणि गाडी फ्लॅटबेड ट्रकवरूनच पाठवा.