चीक मोजल्याशिवाय पाणी उकळायला ठेवू नकोस

चिरंजीव,
अनेक आशीर्वाद.

तुझी चिठ्ठी मिळाली आणि डबीत घालून पाठवलेली ती फुटकी कुरडईही मिळाली. चिठ्ठीपेक्षा कुरडईनं जास्त सांगितलं. खिडकीत उजेडाकडे धरून तिची एक तार पाहिली. कडेनं काचेसारखी आणि मधोमध खडूसारखी पांढरी रेघ. चीक, म्हणजे भिजवलेला गहू वाटून-गाळून तळाशी बसतो तो पांढरा साका, बाहेरून शिजला, आत कच्चा राहिला. म्हणून ती वाळताना तडकली. तुझ्या हाताला गुण नाही वगैरे जे तू लिहिलं आहेस, ते वाचून मी पुढे गेले. त्यावर बोलण्यात वेळ घालवायला नको.

खरा घोटाळा तुझ्या तिसऱ्या प्रश्नात आहे. आई म्हणते अंदाजानं घाल, आजी म्हणते हाताला कळतं, एका व्हिडिओत वाटीला वाटी पाणी, दुसऱ्यात सव्वा, शेजारच्या काकू पाऊण सांगतात. मग खरं कोणाचं? सगळ्यांचंच खरं आहे, बाळा, कारण प्रत्येकीचा चीक वेगळा आहे. एकीनं वरची निवळी, म्हणजे चिकावर साचलेलं पाणी, शेवटच्या थेंबापर्यंत काढली, म्हणून तिच्या घट्ट चिकाला जास्त पाणी लागलं. दुसरीनं घाईत दोन वाट्या पाणी आतच ठेवलं, म्हणून तिला पाऊण पुरलं. पाण्याचं माप सगळ्या सांगतात, चीक किती घट्ट होता ते कोणी सांगत नाही. तू पाणी मोजलंस, चीक मोजला नाहीस. तुझं सगळं चुकलं ते इथे.

म्हणून एकच गोष्ट सांगते आणि या पत्रात ती पुन्हा पुन्हा सांगणार आहे: मोज, आणि मोजलेलं लगेच लिहून ठेव. नंतर नाही, हात धुऊन लगेच.

आता गव्हापासून. लोकवन घे. मूळचा तो गुजरातेतल्या सणोसऱ्याच्या लोकभारतीत तयार झालेला लोक-१, आपल्याकडे त्याचा लोकवन झाला. निफाडच्या गहू संशोधन केंद्राचे त्र्यंबक किंवा तपोवन मिळाले तरी छान. नावं आपल्याच मातीतली आहेत. गोदावरी मात्र बन्सी जातीचा, दाण्याला कडक. तो भिजायला वेळ लावतो, पहिल्या खेपेला नको. गहू १ किलोच घे. तू ५ किलो एकदम भिजवलेस, ही दुसरी चूक. चुकलं तर १ किलो चुकू दे.

निवड, दोनदा धू, वर तरंगेल ते काढून टाक. ते किडीनं पोखरलेले दाणे असतात. गव्हाच्या वर चार बोटं पाणी ठेव आणि ३ दिवस भिजव. पाणी रोज सकाळी बदलायचं, आणि एप्रिल-मे असेल तर संध्याकाळीही. आंबूस वास येणारच, त्याला घाबरू नकोस. कुजका वास आला, पाणी तार धरू लागलं, तर समजावं की पाणी बदलण्यात आळस झाला. तो गहू टाकून दे, त्यातून काही वाचवायला जाऊ नकोस.

भिजला की नाही हे दिवस मोजून ठरत नाही. दाणा अंगठा आणि बोटात धरून दाब. पांढरं दूध बाहेर येऊन हातात नुसतं साल राहिलं, तर झाला. मध्ये कण लागला तर आणखी अर्धा दिवस. हे काम आजीकडे दे. संधिवातानं तिला सोऱ्या दाबता येत नाही, पण दाणा दाबता येतो. ती "झालं" म्हणेल त्या क्षणी तू वहीत लिही: किती तास झाले, त्या दिवशी ऊन कसं होतं. आजीचा अंदाज म्हणजे दुसरं काही नाही, पन्नास उन्हाळ्यांची मापं तिच्या बोटात आहेत, ती कागदावर आलेली नाहीत इतकंच. ती कागदावर आणणं हे आता तुझं काम आहे. आमच्या पिढीनं ते केलं नाही. विचारायचं तेव्हा विचारलं नाही, आणि सांगणारी माणसं गेली. याची खंत मला दर चैत्रात होते. तुझी आजी समोर बसलेली आहे आणि तू मला व्हिडिओचं विचारतोस, तेव्हा रागही येतो.

वाटताना मिक्सर भरभरून फिरवू नकोस. थोडा गहू, भरपूर पाणी, आणि थांबत थांबत तीन-चार झटके. दाणा फुटला पाहिजे, सालाचं पीठ होता कामा नये. साल बारीक झालं की ते कापडातूनही खाली उतरतं आणि कुरडई मळकट होते. आधी चाळणीतून, मग पातळ सुती कापडातून गाळ. चोथा पुन्हा पाण्यात कालवून पिळ, असं तीनदा, शेवटचं पाणी जवळजवळ साधं दिसेपर्यंत. हाताला जो चिवट चिकटा लागतो तो चोथ्यातच राहू दे. चोथा फेकायचा नाही, त्यात तिखट, मीठ, तीळ, जिरं घालून भुसवड्या घाल.

आता निवळणं. या टप्प्यावर मी अजिबात सवलत देत नाही. गाळलेलं सगळं उंच पातेल्यात ओत आणि ते पातेलं हलवू नकोस. पाच-सहा तासांत वर पिवळसर पाणी येतं. ते अलगद ओतून दे, ताजं पाणी घालून ढवळ आणि रात्रभर पुन्हा बसू दे. दुसऱ्या पाण्यानं आंबटपणा उतरतो. सकाळी वरचं पाणी आधी पातेलं तिरकं करून काढ, मग वाटीनं, आणि शेवटचं चमच्यानं. मग नीट बघ. पांढऱ्या चिकावर करड्या रंगाचा एक बुळबुळीत पातळ थर असतो. तो चमच्याच्या कडेनं खरवडून काढ. त्याखाली जो आहे तोच चीक: पांढरास्वच्छ, बोट दाबलं तर जड लागणारा, चमचा घातला तर आधी अडणारा आणि मग सुटणारा. तो थर आत ढवळला गेला की कुरडई काळपट होते आणि तळताना हवी तशी फुलत नाही.

आता मोज. चीक तळापासून एकसारखा ढवळ, कारण खाली तो घट्ट बसलेला असतो आणि वर सैल. २०० मिलीची वाटी काठोकाठ भर आणि काट्यावर ठेव, वाटीचं वजन वजा कर. पाणी असतं तर २०० ग्रॅम भरलं असतं, चीक त्याहून जड भरतो. जितका जास्त जड, तितका घट्ट. हा आकडा वहीत लिही, कारण पुढच्या खेपेला पाणी किती घालायचं हे तोच सांगणार आहे. या खेपेला सुरुवात वाटीला वाटीनं कर. चीक गोळ्यासारखा घट्ट असेल तर सव्वा वाटी. निकाल कसाही लागो, वाटीचं वजन आणि घातलेलं पाणी शेजारी शेजारी लिही. तीन खेपांनंतर तुला कोणालाही विचारावं लागणार नाही.

तुझ्या घरीही म्हणतील की स्वयंपाक म्हणजे काय प्रयोगशाळा आहे का. स्वयंपाकघरात काटा ठेवला म्हणून मी हे वर्षानुवर्षं ऐकलं आहे. मोजणाऱ्याच्या हाताला चव नसते, असंही ऐकलं. मी काटा हलवला नाही आणि त्याचा मला एक दिवसही पश्चात्ताप झालेला नाही. आपल्या सराफ बाजारात डोळ्यांनी सोनं ओळखणारे आहेत, पण तेही विकताना काट्यावरच ठेवतात. चार दिवसांची मेहनत एका पातेल्यात ओतताना मोजायची लाज कसली?

पाणी जाड बुडाच्या पातेल्यात उकळ. १ किलो गव्हाला १० ग्रॅम मीठ, पाव चमचा हिंग, चमचाभर तेल. मीठ चाखून कमीच वाटलं पाहिजे. वाळताना पाणी जातं, मीठ तिथेच राहतं. पाण्याला खळखळून उकळी आली की आच मंद कर आणि चिकाची बारीक धार सोड. दुसऱ्यानं लाटण्याच्या टोकानं सतत घाटत राहायचं. दुसऱ्यानं म्हणते आहे, कारण एकट्यानं हे होत नाही. तू एका हातानं ओतलंस आणि दुसऱ्यानं ढवळलंस, गुठळ्या तिथेच झाल्या. चिकाचा गोळा उकळत्या पाण्यात पडला की त्याचं बाहेरचं अंग लगेच शिजून कवच धरतं आणि आतला चीक कोरडा राहतो. ती गुठळी नंतर कितीही घाटली तरी फुटत नाही, सोऱ्याच्या भोकात अडकते.

घट्ट झालं की झाकण ठेवून मंद आचेवर १०-१२ मिनिटं वाफ दे. मधून मधून पाण्याचा हबका मारून खालवर कर. दुधाळ पांढरा रंग जाऊन चीक काचेसारखा चमकला पाहिजे. त्यातला सुपारीएवढा गोळा वाटीभर गार पाण्यात टाक. पाणी दुधाळ झालं तर कच्चा, स्वच्छ राहिलं आणि गोळा तसाच राहिला तर शिजला. तुझ्या डबीतल्या कुरडईनं ही परीक्षा दिलेलीच नव्हती. किती मिनिटं लागली ते लिही. (घरच्यांसाठी वाटीभर चीक बाजूला काढ. गरम चीक, वर तेल आणि तिखट-मीठ, किंवा दूध-साखर. वर्षातून एकदाच मिळतो, आणि आजीला पहिली वाटी.)

सोऱ्या पितळी, जड असेल तर बरा. भांडीबाजारात मिळेल. शेवेची बारीक जाळी लाव, आतून तेलाचा हात फिरव. चीक कढत असतानाच भरायचा, बाकीचा ओल्या फडक्याखाली झाकायचा. गार झाला की तो दाबला जात नाही आणि तार तुटत जाते. प्लास्टिकच्या कागदावर तळहाताएवढी कुरडई घाल, तारांचे दोन, फार तर तीन फेरे. मध्ये ढीग केलास तर कडा वाळतात, पोट ओलं राहतं, आणि बुरशी तिथूनच धरते. आठच्या आत सुरू करून दहाच्या आत गच्चीवरून खाली ये.

पहिल्या दिवशी संध्याकाळपर्यंत हात लावू नकोस. कागदापासून ती आपण होऊन सुटते, तोवर ओढायची नाही. तुझ्या निम्म्या कुरडया या ओढाओढीत मोडल्या असणार. संध्याकाळी उलट आणि घरात घे. दुसरा आणि तिसरा दिवस वर पातळ कापड टाकून, नाहीतर रस्त्याची धूळ सगळी तारेत बसते.

आणि वाळली की नाही हेही मोज. दहा कुरडया बाजूला काढ, दुसऱ्या संध्याकाळी वजन कर, तिसऱ्या संध्याकाळी पुन्हा कर. वजन उतरलं असेल तर अजून पाणी जातं आहे, चौथं ऊन दे. वजन तेच राहिलं तर वाळल्या. "कट" आवाज येतो म्हणतात तो खरा आहे, पण पातळ कडेचा आवाज आधी येतो आणि जाड पोट मागे राहतं. काट्याला दोन्ही कळतं. उन्हातून काढून तशाच गरम डब्यात भरू नकोस, आत वाफ धरते. रात्रभर गार होऊ दे.

तळण्याबद्दल फार सांगायला नको. तेल चांगलं तापलेलं, एका वेळी एक, तीन-चार सेकंदांत फुलते. तेल कोमट असेल तर ती तेल पिते आणि दाताखाली कडकडते.

बहिणीचं लग्न मेच्या तिसऱ्या आठवड्यात म्हणतोस. रुखवतात रंगीत कुरडया हव्या असतील तर खाण्याचा रंग उकळत्या पाण्यातच घाल, शिजलेल्या चिकात तो एकसारखा मिसळत नाही. बाजारातून आणू का, असं विचारलं आहेस. रुखवतावर मांडायच्या पाच ताटांपैकी चार बाजारची असली तरी माझं काही म्हणणं नाही. एक तुझं असू दे. आणि ते मे उजाडायच्या आत कर. मे चढला की दुपारनंतर वळवाचे ढग येतात. लक्षात ठेव, ऊन गहू भिजवशील त्या दिवशी नको आहे, पाचव्या, सहाव्या आणि सातव्या दिवशी हवं आहे. त्या दिवसांचं हवामान बघून मगच गहू पाण्यात घाल.

तुझी सुट्टी रविवारी, शनिवारी अर्धा दिवस. म्हणून बुधवारी सकाळी कामावर जायच्या आधी गहू भिजव. शनिवारी दुपारी वाटण आणि गाळण, रात्री नऊला पहिली निवळी काढून ताजं पाणी, रविवारी पहाटे साडेपाचला दुसरी निवळी. घाटायला बहिणीला उठव. सोमवार-मंगळवारी कुरडया उलटायला आई आहे.

रविवारी संध्याकाळी मला कुरडई पाठवू नकोस. वहीतल्या त्या पानाचा फोटो पाठव. भिजवल्याचे तास, वाटीचं वजन, पाणी, मीठ, मिनिटं. एकही रकाना रिकामा दिसला तर मी फोन करीन.

तुझी,
काकू